‘सोडवला’ या शब्दाबद्दल माझी तक्रार

भिवंडीच्या धामणकर नाक्यावर ताडगोळ्यांच्या टोपल्या दिसू लागल्या की जनूशेटला ती गोष्ट आठवते, आणि त्याला ती आठवली की मला ती खोडून काढावी लागते. हा आमचा दर उन्हाळ्याचा परिपाठ आहे. शेअर रिक्षांच्या कलकलाटाकडे पाठ करून आम्ही हॉटेलाबाहेरच्या बाकावर बसतो. जनू अंगठ्याने ताडगोळ्याची साल सोलतो, त्यातले पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळू देतो आणि समोर जो नवा माणूस सापडेल त्याला सांगतो, "त्या साली आमी याकूबशेटला सोडवला. आमच्या मंडळानं. न्हायतर त्याचे सगले माग भंगारात गेले असते. काय नाना?"

"नाही," मी म्हणतो.

"यो बघा. यो दर वर्षाला न्हायच बोलतं."

माझे वय आता अशा ठिकाणी आले आहे, की लोक माझे म्हणणे मान डोलावून ऐकतात आणि घरी जाताना आपलेच खरे मानतात. म्हणून तोंडी वाद पुरे झाला. आता लिहितो.

जनूशेट हा माझा शाळेपासूनचा सोबती. दोघांच्याही वाडवडिलांची खाडीकाठी भातशेती होती. त्याच्या शेतांवर आज गोदामे उभी आहेत, गल्लीत त्याचेही यंत्रमाग आहेत आणि तिथल्या मागवाल्यांच्या मंडळाचा तो अध्यक्ष आहे. माझ्याकडे एक गाळा उरला. याकूबभाई आमच्यातला तिसरा. घराणे कोकणी मुसलमानांचे, आजोबांपासून मागवाले. त्याच्या गाळ्यात आणि माझ्या गाळ्यात एकच भिंत आहे, तिला वरच्या अंगाला जाळी आहे, आणि दोन्हीकडे वीज येते ती एकाच खांबावरून. मी माझे माग केव्हाच विकले. गाळ्यात आता एक टेबल आहे, वर्तमानपत्रांची चळत आहे आणि डोक्यावर एक पंखा. भिंतीपलीकडच्या खटखटीच्या ठेक्यावर मी वाचत बसतो. ती थांबली की मला अक्षरे लागत नाहीत.

आमच्या गल्लीत ‘सोडवणे’ या क्रियापदाला एक स्वतंत्र अर्थ आहे, आणि तो मला कोणत्याही शब्दकोशात आढळलेला नाही. कारागीर मालकाकडून उचल घेतो. कधी घरी लग्न असते, कधी आजारपण. ती फिटेपर्यंत तो त्याच मालकाचा. दुसऱ्या एखाद्या मालकाला तो हवा असला, तर तो पहिल्याच्या हातावर उचलीचे पैसे ठेवतो आणि कारागिराला आपल्या गाळ्यात घेऊन येतो. मग सारी गल्ली म्हणते, अमक्याने तमक्याला सोडवला. पैसे एका शेटच्या खिशातून दुसऱ्या शेटच्या खिशात गेले, कारागिराच्या तळहाताला नोट लागलीसुद्धा नाही. उचल होती तेवढीच राहिली, तिचा धनी तेवढा बदलला. आणि सोडवला गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या छपराखाली, त्याच आवाजात, त्याच उकाड्यात उभा राहिला. शब्द मात्र असा, की तुरुंगाचे दार उघडल्यासारखा वाटावा. एवढ्या मोठ्या फसव्या शब्दाला आमच्याकडे कोणी कधी हरकत घेतली नाही. मी घेतो.

त्या वर्षी रमजान चैत्रात आला होता. पत्रे तापून दुपारी असा वास सुटे, की तेल, खळ आणि घाम यांतले काय कोणते हे ओळखू येत नसे. सुताची फूस, म्हणजे बारीक पांढरे तंतू, हवेत तरंगे आणि पापण्यांवर बसे. घरी गेल्यावर बायका सांगत, आधी तोंड धुऊन या, म्हातारे दिसता. वज्रेश्वरीकडून येणाऱ्या बसमधून आदिवासी बाया करवंदांच्या पाट्या घेऊन उतरत आणि पानांच्या द्रोणांतून विकत. हॉटेलाच्या दारावर दिवसा पडदा असे. पडद्याआड मी आणि जनू चहा पीत असू. याकूबभाईचा रोजा असे, तरी तो येऊन बसे. पंख्याखाली बसायला मनाई नाही, असे त्याचे म्हणणे. आणि वर, भिंतीवरच्या टीव्हीवर, दिवसभर ते बेट दिसे.

दक्षिणेच्या समुद्रातले ते शेजारचे बेट त्या उन्हाळ्यात बुडाले. समुद्रात नव्हे, देण्यात. रॉकेलसाठी रांगा, गॅससाठी रांगा, औषधांसाठी रांगा. कागद आणायला परकीय चलन नाही म्हणून शाळांच्या परीक्षा पुढे ढकललेल्या. आयुष्यभर वर्तमानपत्रे वाचलेल्या मला ती एक बातमी सर्वांत जास्त लागली. देश दिवाळखोर होतो म्हणजे काय, हे मी पूर्वी आकड्यांत वाचले होते. मुलांची उत्तरे तयार आहेत आणि ती लिहायला कागद नाही, हे मला आकड्यांनी कधी सांगितले नव्हते.

एक दिवस टीव्हीवरची निवेदिका तावातावाने विचारू लागली, देशाला ‘बेलआउट’ मिळणार का?

"बेल?" जनूने बशी खाली ठेवली. "कोनाची बेल? आतमदी कोन हाय?"

सगळे हॉटेल हसले. भिवंडीत ‘बेल’चा अर्थ एकच, आणि वकिलाचा नंबर प्रत्येकाकडे असतो. गल्ल्यावरचा मालक म्हणाला, "जनूशेट, पूरा मुल्क अंदर है!"

"तर मग जामीन कोण राहणार, ते विचार," याकूबभाई म्हणाला.

याकूबभाईचे डोळे टीव्हीवर निराळेच काही शोधत असत, हे माझ्या दोन दिवसांनी ध्यानात आले. रांगेत उभ्या असलेल्या माणसांच्या चेहऱ्यांकडे तो बघत नसे, कमरेखाली बघे. त्याच्या मागांवरचे चौकडीचे कापड मुंबईच्या एका व्यापाऱ्यामार्फत त्याच बेटावर जात असे, तिकडचे पुरुष ते लुंगीसारखे नेसत. एकदा रॉकेलचा डबा घेऊन बसलेला एक म्हातारा पडद्यावर आला, तेव्हा याकूबभाईने माझा गुडघा दाबला. "ती निळी चौकडी बघ, नाना. आपली असेल."

असेल किंवा नसेल. पण तिकडून डॉलर येणे थांबले, मुंबईच्या व्यापाऱ्याने माल उचलणे थांबवले, आणि कापडाचे तागे याकूबभाईच्या गाळ्यात छताकडे चढू लागले. सुताचे भाव त्याच दिवसांत वर गेले होते. त्याला उधारीवर सूत देणाऱ्या सूतवाल्याचा टेम्पो तरीही ठरल्या वारी येत राहिला. ताग्यांच्या त्या भिंतीशेजारीच त्याची माणसे नवे सूत उतरवून जात आणि सही घेत. उधारी वाढत होती, तसा सूतवाल्याचा भावही वाढत होता.

या संकटाविषयी त्या उन्हाळ्यात तीन मते माझ्या कानांवर रोज आदळत. जनूचे मत सरळ होते: "फुकाट खाल्ला त्यांनी. कर्ज काढून रस्ते केले, कर कमी केले, मजा मारली. आता रडतान." माझी सून वैशाली इथल्याच महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. ती आमरस वाढता वाढता समजावून सांगे, की पर्यटन बंद पडले, रासायनिक खतांवरच्या बंदीचा निर्णय चुकला, परकीय गंगाजळी आटली. दोष एकाचा नाही. आणि टीव्हीवरचे विद्वान सांगत, की आता शिस्त लागेल.

तिन्ही मतांत काही ना काही खरे होते, हे मी मान्य करतो. मला राग आला तो एका गोष्टीचा, की तिन्हींत सूतवाला नव्हता. ज्यांनी चढ्या व्याजाने त्या देशाचे रोखे घेतले, त्यांना ती ताग्यांची भिंत दिसत नव्हती काय? चढे व्याज हे जोखमीचे दाम असते, असे वैशालीच मला शिकवते. मग जोखीम अंगावर आली तेव्हा ती फक्त रांगेतल्या म्हाताऱ्याच्या अंगावर कशी आली?

"बाबा, त्यांनाही पुढे थोडे पैसे सोडावे लागतात," वैशाली म्हणाली. "त्याला हेअरकट म्हणतात."

"केस परत उगवतात, सूनबाई."

"आणि मदत घेतलीच नाही, तर औषधे कुठून येणार? रागाने इन्शुलिन येत नाही."

हे तिचे बोलणे मात्र खरे होते. ते आजही खरे आहे. मदत नको, असे मी कधीही म्हटलेले नाही. जनू तसे पसरवतो, ते खोटे आहे.

याकूबभाईच्या गाळ्यात रमजानच्या दिवसांत सूर्य मावळतीला टेकला की मोटर बंद होई. कित्येक वर्षांचा तो रिवाज. एकदम शांतता पडे, आणि त्या शांततेत आधी कावळे ऐकू येत, मग दूरचे हॉर्न, मग अजान. मागांच्या मधल्या वाटेवर प्लास्टिकची चटई अंथरली जाई. खजूर, कापलेले कलिंगड, गुलाबी सरबत आणि कांद्याची गरम भजी. रोजा असलेले, नसलेले, तेलंगणातले, आझमगढचे कारागीर, मी आणि जनू, सगळे एकाच चटईवर. भज्यांच्या ताटाजवळची जागा जनूची. "अजान होऊ दे रे," असे याकूबभाईला त्याला रोज बजावावे लागे. त्या वर्षीही चटई अंथरली गेली, पण भिंतीसारख्या चढलेल्या ताग्यांमुळे जागा कमी झाली होती. आम्ही गुडघे जवळ घेऊन बसलो.

ईदनंतर सूतवाल्याने निरोप धाडला: देणे चुकते करा, नाहीतर माग उचलून नेतो. याकूबभाईचे माग जाणे म्हणजे काय, हे आम्हांला ठाऊक होते. दुसरे काही त्याला येत नव्हते आणि करायचेही नव्हते. वीस-पंचवीस कारागीर त्याच छपराखाली जेवत होते.

मंडळाची सभा भरली. ट्रान्सफॉर्मरसाठी, पत्र्यांसाठी आम्ही वर्षानुवर्षे जमवलेली शिल्लक होती. ती याकूबभाईसाठी वापरावी काय, एवढाच प्रश्न. खोलीत पंख्यापेक्षा माणसांचा आवाज मोठा होता. जनू उभा राहिला.

"माझ्यावं सुताचा देना झाला व्हता, तवा मी पोरीचा लगीन दोन वर्सं थांबवला. मना कोन आला सोडवाला? आनि आता माझे पैशानं याला सोडवाचा?" लोकांनी बाक वाजवले. तेवढ्याने तो थांबला असता तर बरे होते. "आनि ती भजी? सरबत? तां पन माझेच पैशानं?"

त्याच सभेत गल्लीच्या सत्यनारायणाच्या प्रसादाचा खर्चही कापला गेला, हे मी मुद्दाम नोंदवतो. यात धर्म शोधणाऱ्यांनी दुसरीकडे शोधावे. ज्याने सर्वांत जास्त भजी खाल्ली त्यानेच ती बंद करायला सांगितली, एवढेच यात होते.

मी उठून म्हणालो, की सूतवाल्याला इथे बोलवा. माल पडून आहे हे बघूनही त्याने सूत का उतरवले ते विचारा, त्यालाही थोडे सोडायला लावा.

"नाना, सूतवाला काय आपला सोयरा लागतो, सोडायला?" मागून कोणीतरी म्हणाले.

"मग त्याच्या पैशांसाठी तुम्ही याकूबभाईच्या ताटातली भजी कशाला मोजता?"

मते माझ्या बाजूने आली नाहीत. ठराव झाला तो असा: मंडळ सूतवाल्याचे देणे परस्पर भागवील. याकूबभाईने चार माग विकावेत. उरलेल्यांवर मंडळ सांगेल त्या व्यापाऱ्याचे काम ठरल्या मजुरीवर करावे आणि त्यातून मंडळाची रक्कम फेडावी. शिफ्टमध्ये मोटर बंद ठेवू नये. वायफळ खर्च करू नये.

याकूबभाई दाराजवळच्या खुर्चीवर बसला होता. टोपीची घडी त्याने गुडघ्यावर ठेवली होती आणि ती तो पुन्हा पुन्हा सारखी करत होता. "भजी बंद," तो म्हणाला. "लिहून घ्या." मग त्याने सही केली.

भंगारवाल्याने चार माग जागेवरच फोडले. बिडाच्या लोखंडावर घण पडतो तेव्हा खटखट होत नाही. एकच आवाज होतो आणि तो परत येत नाही. मी भिंतीच्या अलीकडे वर्तमानपत्र समोर धरून बसलो होतो. सूतवाल्याचा हिशेब त्याच आठवड्यात चुकता झाला. कोणी त्याच्यावर रागावले नाही. जनू याकूबभाईवर रागावला होता, याकूबभाई स्वतःवर, मी जनूवर, आणि कारागीर ज्याच्या त्याच्या नशिबावर. इतका राग एका गल्लीत होता, पण त्याचा एक शिंतोडाही त्या टेम्पोवर उडाला नाही.

बेटावरही तसेच घडत होते, असे मला दिसे. पावसाळ्यात तिथले लोक राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यात शिरले आणि तिथल्या तलावात पोहले. जनू हसून लोटपोट झाला. "पवतान बघ कसे!" मला हसू आले नाही. ज्याच्या घरी पंपाला वीज नाही तो माणूस स्वच्छ पाणी दिसल्यावर दुसरे काय करील? पुढे कर्ज मंजूर झाले, अटी आल्या, विजेचे दर चढले, कर चढले, आणि बातम्यांतून ते बेट नाहीसे झाले. बातमीच्या भाषेत ते ‘सोडवले’ गेले होते.

पण जनूवरचा माझा राग मी फार काळ टिकवू शकलो नाही, आणि त्याचे कारण वज्रेश्वरीचे कुंड. सभेनंतर पंधरवड्याने त्याचे गुडघे धरले म्हणून मी त्याच्याबरोबर बसने गेलो. गरम पाण्यात गळ्यापर्यंत बुडून बसलेल्या दोन म्हाताऱ्यांनी भांडू नये, तरी आम्ही भांडलो. वाफेने दोघांचेही चेहरे लाल झाले होते. मग त्याने ओंजळभर पाणी तोंडावर मारले.

"नाना, मी वंगाल हाय का?"

"आहेस."

"पोरगी दोन वर्सं काय बोलली न्हाय," तो पाण्याकडे बघत म्हणाला. "लगनाचा शालू घडी करून ठेवलेला तिनं. मी इचारला असता तर रडली असती, म्हनून मी इचारला न्हाय. आनि मना पन कोनी इचारला न्हाय, जनू, तुझा काय झाला."

तेव्हा मला परक्या देशांतल्या त्या माणसांचाही राग समजला, जे दुसऱ्या देशाला मदत जाहीर झाली की रस्त्यावर उतरतात. त्यांना आपण कंजूष म्हणतो. त्यांच्यातल्या प्रत्येकाने कधीतरी काहीतरी थांबवलेले असते, एखादे लग्न, एखादे घर, एखादे औषध, आणि ते थांबवताना त्याला कोणी विचारलेले नसते. त्याचे तेच देणे वर्षांनी दुसऱ्याच्या दारात जाऊन ओरडते. याकूबभाईच्या भज्यांवर जनू जे ओरडला ते भज्यांविषयी नव्हते. सूतवाल्याने त्या दोघांकडूनही वसूल केले होते, आणि ते दोघे एकमेकांकडे बोट दाखवत होते.

"गरम झाला रं," जनू म्हणाला आणि पायरीवर चढून बसला. पुढे तो विषय आम्ही काढला नाही.

दुसरे वर्ष उजाडले. रमजान थोडा अलीकडे सरकला होता. गाळ्यात आता मोटर थांबत नव्हती. रोजा असलेले कारागीर आळीपाळीने बाजूला होत, खजूर तोंडात टाकत, पाणी पीत आणि मागावर परत येत. याकूबभाई दाराशी उभ्यानेच रोजा सोडे. चटई कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेली मला जाळीतून दिसे. तिच्यावर फूस जमली होती.

एका संध्याकाळी मी टेबलाशी वाचत बसलो होतो आणि अक्षरे लागेनाशी झाली. पलीकडची खटखट बंद पडली होती. मी खुर्चीवर चढलो. या वयात खुर्चीवर चढू नये, तरी चढलो, आणि जाळीतून पाहिले. गाळ्यात अंधार होता. मेन स्विचच्या पेटीला पाठ लावून जनू उभा होता, एक हात मागे. दुसऱ्या हातात वर्तमानपत्राचे पुडके होते आणि त्यावर तेलाचा डाग पसरत चालला होता.

"लाईट गेली! लाईट गेली रं!" तो ओरडत होता. "बसा सगले! लाईट आल्याबिगर काय काम व्हनार हाय?"

याकूबभाईने त्याच्याकडे पाहिले, मग त्याच्या मागे गेलेल्या हाताकडे. मग तो कोपऱ्यात गेला, चटई झटकली आणि मधल्या वाटेवर अंथरली.

"गेली तर गेली," तो म्हणाला. "बसा. जनू, अजान होऊ दे रे."

तेव्हापासून दर रमजानला आमच्या गल्लीत त्या वेळी लाईट जाते. यंदा रमजान थंडी सरता सरता आला, तेव्हाही गेली. मंडळाच्या ठरावात मोटर बंद ठेवायला मनाई आहे, वीज जाण्याला नाही. याकूबभाई आठ मागांवर अजून मंडळाचे फेडतो आहे, आणि त्या ताटात आता काय असते त्याचा खर्च कोणाच्या घरचा, हे कोणी विचारत नाही. मी जनूला तोंडावर विचारले, तर तो म्हणतो, "लाईटवाल्यांचा काय भरवसा, नाना?" याकूबभाईला विचारले, तर तोही डोळा न लववता म्हणतो, "गेली होती, नाना. खरंच गेली होती." कारागीरही तेच सांगतात.

म्हणजे याकूबभाईला आम्ही सोडवला, असे सांगत जनू नाक्यावर बसणार. ते घडलेच नाही. आणि जे त्याने खरोखर केले, ते तो नाकारणार. गल्लीत माझ्या बाजूने एकही साक्षीदार नाही. तरी लिहून ठेवतो. लाईट गेली नव्हती. माझ्या गाळ्यातला पंखा फिरत होता.